एका दिवशी एकच खिडकी

अण्णा, म्हणजे माझे वडील, गेले ३ डिसेंबर २०२३ ला. वय ७१, आदल्या दिवशी संध्याकाळी कोल्हापुरात गंगावेशेत दूध प्यायला जाऊन आलेला माणूस. पहाटे चारला शेजारच्या काकांचा फोन आला तेव्हा मी पुण्यात होतो, गाडी कशी चालवली ते आठवत नाही, फक्त पेठ नाक्याला बायको म्हणाली थांब, चहा घेऊ, आणि मी थांबलो नाही हे आठवतंय. पोचलो तेव्हा दवाखान्यातनं बॉडी घरी आली होती. पंचगंगेवर अंत्यसंस्कार, तिसऱ्या दिवशी रक्षाविसर्जन, मग रोज कुणा ना कुणाकडनं कडू घास. बाराव्यापर्यंत घर भरलेलं होतं त्यामुळं काही कळलंच नाही. तेराव्या दिवशी घरात मी, आई आणि अण्णांची चप्पल.

हे लिहितोय ते दुःखाबद्दल नाही. त्यानंतरच्या वर्षभरात जे काय झालं, म्हणजे कागदपत्रं, नोकरी सोडणं, पुणं सोडून कोल्हापूरला परत येणं आणि मधेच माझंच डोकं बिघडणं, ते सगळं एकात एक कसं अडकलं त्याबद्दल. मी तेव्हा नेटवर बरंच शोधलं. कागदपत्रांची माहिती एकीकडं मिळायची, टेन्शनची दुसरीकडं, आणि दोन्ही एकाच माणसाला एकाच आठवड्यात होतं हे कुणी लिहिलेलं दिसेना.

सुरुवात मृत्यू दाखल्यापासून. मृत्यूची नोंद २१ दिवसांच्या आत करायची असते, पण दवाखान्यात मृत्यू झाला असेल तर तेच महापालिकेला कळवतात, आपण फक्त नाव, पत्ता आणि आधार नीट लिहिलंय का ते बघायचं. ते नीट बघा. घाईत मी बघितलं नाही. अण्णांच्या आधारवर नावापुढं 'राव' आहे, बँकेत नाही, सातबाऱ्यावर आहे, आणि दाखल्यात नव्हतं. या दोन अक्षरांनी मला पुढं बँकेत तीन फेऱ्या, एक प्रतिज्ञापत्र आणि शंभरचा स्टँप एवढा खर्च घातला (तेव्हा शंभरचा चालायचा, ऑक्टोबर २०२४ पासून पाचशेचा झालाय). आणि दाखल्याच्या प्रती चार काढल्या होत्या, त्या महिन्यात संपल्या. दहा काढा सरळ.

आणखी एक, जे मला कुणी सांगितलं नाही. गेलेल्या माणसाचं सिमकार्ड बंद करू नका. बँकेचा ओटीपी, गॅसचा ओटीपी, इन्कम टॅक्सचा ओटीपी, सगळं त्याच नंबरवर येतं. बाराव्यालाच एक पाहुणे म्हणाले होते "आता तो मोबाईल बंद करून टाका, उगा बिल कशाला". नशीब, ऐकलं नाही.

जानेवारीत ठरलं की परत यायचं. आईला शुगर, एकटी राहणार कशी. बहीण इचलकरंजीला आहे पण तिचं सासर, तिची दोन पोरं. आई म्हणायची "माझं काय नाही, तुम्ही तुमचं बघा", पण रात्री लाईट चालू ठेवून झोपायची. कंपनीनं दोन महिने घरून काम करायला दिलं, मग म्हणाले ऑफिसला या. फेब्रुवारीत राजीनामा टाकला, साठ दिवसांचा नोटीस पिरियड, शेवटचा दिवस १२ एप्रिल. इथं शिरोली एमआयडीसीत एका कारखान्यात अकाउंट्सचं काम मिळालं, पगार पुण्याच्या निम्म्याहून थोडा जास्त. अण्णा पण शिरोलीतच फौंड्रीत होते तीस वर्षं, टर्नर म्हणून. बायकोनं तिची शाळेतली नोकरी सोडली. पोरगी दुसरीत, तिला कुणी विचारलंच नाही. सामानाच्या टेम्पोला साडेसोळा हजार गेले आणि कपाटाचा आरसा फुटला.

या सगळ्यात मी एकदम कर्तबगार माणूस झालो होतो. एक एक्सेल शीट केली, २३ ओळी. बँका दोन, पोस्ट, एलआयसी, पीएफची पेन्शन, घरफाळा, महावितरण, गॅस, रेशनकार्ड, स्कूटर, गावाकडची वीस गुंठे, पोरीचा शाळेचा दाखला. सकाळी बँक, दुपारी लॅपटॉप, तिसऱ्या प्रहरी तलाठी, संध्याकाळी परत लॅपटॉप. लोक म्हणायचे पोरानं सगळं कसं निभावलं बघा. मला पण बरं वाटायचं ते ऐकून. रडलो फक्त एकदा, तेही झेरॉक्सच्या दुकानात, कारण दुकानदारानं अण्णांचं पॅनकार्ड मशीनवर ठेवताना विचारलं, "काका कसे आहेत? बऱ्याच दिवसात दिसले नाहीत".

गावाकडच्या जमिनीचं जरा सविस्तर सांगतो कारण त्यानंच जास्त त्रास दिला. वारस नोंदीचा अर्ज तीन महिन्यांच्या आत द्यायचा असतो, मी फेब्रुवारीत दिला. मृत्यू दाखला, सातबारा, आठ अ (खात्याचा उतारा), सगळ्या वारसांची नावं-वयं-पत्ते आणि प्रतिज्ञापत्र. फेरफार (नाव बदलाची नोंद) धरला की नोटीस निघते, हरकतीला पंधरा दिवस, मग मंडळ अधिकारी नोंद मंजूर करतात. कागदावर महिन्याभराचं काम. आमच्या नोटीशीतच एक नाव चुकलं, परत निघाली, तोवर १६ मार्चला लोकसभेची आचारसंहिता लागली आणि सगळी माणसं इलेक्शन ड्युटीवर. कुणाला काय बोलणार. मधल्या वेळात भावकीतले दोघं-तिघं रोज सांगायला लागले की बहिणीचं हक्कसोड आत्ताच करून घे, नंतर लोकांची मनं बदलतात. एकानं तर बाराव्याच्या मांडवातच सांगितलं होतं. बहिणीला मी स्वतःच सगळं सांगितलं, ती म्हणाली, "दादा, मला जमीन नकोय, पण आत्ता सही पण मागू नकोस". वारस नोंद ही नुसती नोंद आहे, तिथं आई, मी, बहीण तिघांची नावं लागली म्हणजे वाटणी झाली असं होत नाही. आणि हक्कसोडपत्र दुय्यम निबंधकाकडं रजिस्टर करावं लागतं, ते पाच वर्षांनी केलं तरी चालतं. हे मला वकिलानं पाचशे रुपये घेऊन सांगितलं, ते पाचशे वर्षातला सगळ्यात चांगला खर्च. पण तोवर दोन महिने माझी झोप गेली होती.

झोप म्हणजे अशी की अकराला पडायचो, पावणेतीनला डोळे उघडायचे ते उघडेच. वजन सहा किलो कमी. पोरीवर ओरडायला लागलो. चहा दिवसाला आठ-नऊ कप. हे सगळं दगदगीमुळं असं मीच ठरवून टाकलेलं.

७ मे ला कोल्हापूरचं मतदान झालं. ९ मे च्या रात्री जेवून बसलो होतो आणि एकदम छातीत धडधड, हात गार, तोंड कोरडं, श्वास अर्धाच येतोय. माझ्या डोक्यात एकच, अण्णांना हेच झालं. बायकोनं शेजाऱ्यांची गाडी काढली. इमर्जन्सीत ईसीजी, रक्ताची टेस्ट, चार तास देखरेख, बिल ४,८०० रुपये, सगळं नॉर्मल. घरी आलो तर आई उंबऱ्यात बसलेली, देवघरात दिवा लावलेला. तिला बघून मला स्वतःचीच लाज वाटली, म्हणजे काही झालेलंच नसताना हिला रात्रभर घाबरवलं.

पुढच्या आठवड्यात फिजिशियन. टूडी इको १,८०० ला, थायरॉईड, शुगर, बी-१२. बी-१२ कमी, बाकी ठीक. डॉक्टर वयस्कर, त्यांनी रिपोर्ट बाजूला ठेवले आणि विचारलं घरात काय काय झालं या वर्षात. मी सांगायला लागलो. पंधरा मिनिटं सांगत होतो, बाहेर पेशंट ताटकळलेले. त्यांनी ऐकून घेतलं आणि चिठ्ठीवर मानसोपचार तज्ज्ञाचं नाव लिहून दिलं. मी ती चिठ्ठी घडी घालून पाकिटात ठेवली आणि चार दिवस काढलीच नाही.

खरं सांगायचं तर भीती उपचाराची नव्हतीच. कोल्हापूर केवढं आहे, महाद्वार रोडला एक चक्कर मारली तर पाच ओळखीचे भेटतात. त्या दवाखान्याच्या जिन्यात कुणी बघितलं तर? कारखान्यात नवीन आहे, तिथं कळलं तर? त्या चार दिवसातल्याच एका रात्री अडीच वाजता १४४१६ ला फोन लावला. टेली-मानस, केंद्र सरकारची हेल्पलाईन आहे, ऑक्टोबर २०२२ पासून चालू आहे, फुकट, चोवीस तास. मराठीत बोलता येतं. बाथरूममधे नळ सोडून बोलत होतो कारण घरात ऐकू जाऊ नये. पलीकडच्या बाईंनी आधी विचारलं स्वतःला इजा करायचा विचार येतो का, मी नाही म्हटलं, मग वीस मिनिटं त्या बोलल्या, बोलल्या म्हणजे जास्त ऐकलंच. शेवटी म्हणाल्या की धडधड झाली की ती साधारण दहा मिनिटात चढते आणि मग आपोआप उतरते, तेवढा वेळ श्वास सोडायला घेण्यापेक्षा जास्त वेळ लावा, चार आकड्यांत घ्या, सहा-सातांत सोडा. आणि हाताशी चिठ्ठी आहे तर अपॉइंटमेंट घ्या. सकाळी घेतली. नऊ दिवसांनंतरची मिळाली.

वेटिंगला तोंडावर पेपर धरून बसलो होतो. शेजारी कुणीतरी बसलं, बघतो तर माझे शाळेतले पीटीचे सर, ज्यांच्या शिट्टीला आख्खं मैदान घाबरायचं ते. आता पंच्याहत्तरीच्या पुढं असतील. मी पेपर आणखी वर केला. ते म्हणाले, "काय रे, तू पण हितंच काय? मी सहा वर्षं येतोय, बाई गेल्यापास्नं." आणि मग मिसळ हल्ली कुठं चांगली मिळते यावर बोलायला लागले. मी पेपर खाली ठेवला.

डॉक्टर मॅडमनी पहिल्या वेळी पाऊण तास दिला, फी ७००, नंतर दर वेळी ५००. त्यांनी अ‍ॅडजस्टमेंट डिसऑर्डर असं नाव सांगितलं. म्हणजे आयुष्यात मोठा बदल झाल्यावर तीन महिन्यांच्या आत सुरू होतो, झोप, भूक, चिडचिड, भीती, आणि बदलाचा जोर ओसरला की साधारण सहा महिन्यांत उतरतो, पण माझे बदल एकामागून एक येतच होते त्यामुळं उतरायला जागाच नव्हती. त्यांनी एक जुनी मोजपट्टी दाखवली, होम्स आणि राहे नावाच्या दोन डॉक्टरांनी १९६७ मधे केलेली, ४३ घटना, प्रत्येकीला गुण. जोडीदार गेला तर १००, जवळचा माणूस गेला तर ६३, घरातल्याची तब्येत ४४, पैशाची परिस्थिती बदलली ३८, कामाचं क्षेत्र बदललं ३६, जोडीदाराची नोकरी सुटली २६, राहणीमान बदललं २५, घर बदललं २०. जोडीदाराचे १०० सोडून माझी बेरीज २५२. तीनशेच्या वर गेलं तर आजारी पडायची शक्यता बरीच, दीडशेच्या वर मधली. गंमत म्हणजे लग्नाला पण ५० आहेत, ख्रिसमसला १२. आपल्याकडं केली असती तर गौरी-गणपतीला किती दिले असते कुणास ठाऊक, आमच्या आईला विचारलं तर ती चाळीसच्या खाली येणार नाही. मॅडम म्हणाल्या हे भविष्य म्हणून बघू नका, पण तुम्ही म्हणता ना "मला काय झालंय एवढं", तर एवढं झालंय.

ती बेरीज बघून मला बरं वाटलं. विचित्र आहे पण वाटलं. अकाउंट्सवाला माणूस, आकडा दिसला की पटतं.

गोळी सुरू झाली, अगदी कमी डोस, आणि सांगितलं की दोन-तीन आठवडे फरक दिसणार नाही, मनानं बंद करायची नाही. पहिला आठवडा मळमळ झाली आणि नेमकं मनानं बंद करावीशी वाटलं, फोन केला तर म्हणाल्या जेवणानंतर घ्या. तिसऱ्या आठवड्यात एकदा जाग आली ती सव्वापाचला, बाहेर उजाडत होतं, मी बायकोला उठवून सांगितलं. ती म्हणाली झोपू दे की.

पण गोळीपेक्षा मला जे उपयोगी पडलं ते म्हणजे त्यांनी दुसऱ्या व्हिजिटला ती २३ ओळींची यादी मागितली. मी अभिमानानं दिली. त्यांनी पेन घेऊन मधोमध रेघ मारली आणि म्हणाल्या यातल्या कुठल्या कामाला खरंच तारीख आहे? डावीकडं तारीख असलेली, उजवीकडं नसलेली. बसून बघितलं तर डावीकडं आल्या चार. पोरीची शाळा, जूनच्या आत. अण्णांचं इन्कम टॅक्स रिटर्न, ३१ जुलै. आईची पेन्शन, तारीख नाही पण पैसे अडलेत म्हणून. स्कूटरचं नाव बदलणं, जे आधीच उशिरा झालं होतं. बाकी एकोणीस उजवीकडं. एलआयसी कुठं पळून जात नाही, महावितरणला बिल भरलं की नावाचं घेणं-देणं नाही, बँकेतल्या ठेवीला आई नॉमिनी आहे, कागद पूर्ण दिले की पंधरा दिवसांत निकाली काढायचा रिझर्व्ह बँकेचा नियमच आहे, पण कागद द्यायची घाई आपली आपण केलेली. वर नियम घालून दिला, एका दिवशी एकच खिडकी. बँक असेल तर बँक, त्या दिवशी तलाठी नाही. काम झालं नाही तरी दुसऱ्या खिडकीला जायचं नाही, घरी यायचं. पहिल्यांदा फार अवघड गेलं, अकरा वाजता मोकळा झालेला माणूस समोर दुसरं ऑफिस दिसत असताना घरी येतो म्हणजे काय.

दुसरं, काळजीची वेळ. दिवसभर डोक्यात काही आलं की छोट्या वहीत एक ओळ लिहायची आणि संध्याकाळी सहा ते सहा-वीस त्यावरच काळजी करायची. मी त्यासाठी रंकाळ्यावर जायला लागलो. भेळेच्या गाड्यांच्या पुढं जरा शांत कट्टा आहे तिथं. खरं सांगू, दहा ओळींतल्या सात संध्याकाळपर्यंत शिळ्या झालेल्या असायच्या. उरलेल्या तीन मात्र खऱ्या असायच्या, त्या काय भेळ खाऊन जात नाहीत.

जूनमधे एका रात्री बायको भांडली. मी माझ्या झोपेचं, गोळीचं, वहीचं काहीतरी सांगत होतो. ती म्हणाली, "तुझे अण्णा गेले, सगळा गाव भेटायला आला. माझं पुणं गेलं, नोकरी गेली, मला कोण भेटायला आलं?" मला बोलताच येईना. सहा महिन्यांत मी तिला एकदाही विचारलं नव्हतं, मोजपट्टीत तिच्या नोकरीचे २६ गुण मी माझ्या नावावर धरले होते. पुढच्या दोन व्हिजिट ती पण आली. ऑगस्टपासून ती घरीच शिकवण्या घेते, राजारामपुरीत एका शाळेत तिसरीत पोरगी रुळली, तिच्या बोलण्यात आता "लै" आणि "न्हवं" यायला लागलंय, ते बायकोला अजून पचलेलं नाही.

आता उरलेल्या कागदांचं थोडक्यात. गेलेल्या माणसाचं रिटर्न वारसाला भरता येतं, पोर्टलवर कायदेशीर वारस म्हणून आधी नोंदणी करायची, मृत्यू दाखला आणि पॅन लागतं. अण्णांचं त्या वर्षी १५ एच (व्याजावर कर कापू नका असं बँकेला सांगायचा फॉर्म) द्यायचं राहिलं होतं, ठेवीवर टीडीएस कापलेला, ३,४१२ रुपये परत आले. पीएफच्या पेन्शनमधे पत्नीला निम्मी मिळते. अण्णांना २,८६० होती, आईला १,४३० सुरू झाली, दहा-डी नावाचा फॉर्म असतो. आमचा एकदा परत आला कारण आईच्या आधारवर फक्त जन्मवर्ष होतं, तारीख नव्हती, चूक आमचीच. आणि मृत्यूनंतर पेन्शन खात्यात जमा होत राहिली तर ती खर्च करू नका, परत जाते. आमचे दोन महिन्यांचे जमा झालेले, आईनं त्यातनं दिवसकार्याच्या भांड्यांचे पैसे दिले होते, मग मी भरले.

जुलैच्या शेवटी पंचगंगेनं ४३ फुटांची धोक्याची पातळी ओलांडली, गावाकडचा रस्ता पाण्याखाली, दोन आठवडे तिकडं जाताच येईना. मेच्या आधी असं झालं असतं तर मी वेडा झालो असतो. तेव्हा घरी बसून पोरीबरोबर पत्ते खेळलो. नोंद मंजूर झाली १९ सप्टेंबरला, अर्ज दिल्यापासून सात महिन्यांनी. सातबारा ऑनलाईन काढून आईला दाखवला, तिनं चष्मा लावून स्वतःचं नाव वाचलं आणि म्हणाली "ह्यांचं नाव खोडलंय वाटतं". कंसात गेलंय, म्हणालो मी.

पहिलं वर्षश्राद्ध झालं आणि जानेवारी २०२५ पासून मॅडमनी गोळी हळूहळू कमी केली, निम्मी, मग एकाआड एक, मार्चमधे बंद. सगळा मिळून माझ्या उपचाराचा खर्च तपासण्या धरून साधारण एकोणीस हजार झाला. विम्यातनं काही मिळालं नाही, माझ्या पॉलिसीत ओपीडी नाही. अधूनमधून रात्री तीनला जाग येते अजून. येऊ दे. चहा तीन कपांवर आहे.

यादीतल्या २३ पैकी २२ ओळी झाल्या. अण्णांचा मोबाईल नंबर राहिलाय. ओटीपीचं कुठलंच काम आता अडलेलं नाही, आईला त्यातलं काही कळत नाही, मी मात्र दर ८४ दिवसांनी रिचार्ज मारतो. ते काम उजवीकडच्या रकान्यात आहे.